पाचवा हात

एखादी गोष्ट मनापासून पटली असेल, तर माणसाचे बोट कापडावर पूर्ण टेकते. आधी टोक, मग सगळे पेर, आणि क्षणभर थोडासा भार. पटलेली नसेल, तर तेच बोट नखाच्या कडेने टेकते आणि लगेच उचलले जाते. दोन्हींतला फरक इतका लहान आहे, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तो दिसत नाही. मला कळतो, कारण ती बोटे माझ्यावर टेकतात.

मित्रांनो, मी कापडाचा एक जुना तुकडा आहे. चौकोनी, तळहाताएवढा, नारिंगी. निदान एके काळी नारिंगी होतो. वसई पूर्वेला सातिवलीत एका गाळ्यात लाइफ जॅकेटे शिवली जातात. त्या गाळ्याच्या पश्चिमेकडच्या खिडकीत एका खिळ्याला, काळ्या क्लिपमध्ये पकडून, मला टांगलेले आहे. गाळ्यातले सगळे मला 'मास्टर' म्हणतात. ऐकायला मोठे वाटते, पण काम साधे आहे. कापडाचा नवा तागा आला, की त्याची कड माझ्याशेजारी धरतात. रंग जुळला, तर तागा कापायला जातो. नाही जुळला, तर आला तसा परत.

माझा जन्म एका लांबलचक ताग्यात झाला. ताग्यात असताना मी वेगळा असा कोणी नव्हतोच. माझी कड कुठे संपते आणि शेजाऱ्याची कुठे सुरू होते, हे मला ठाऊक नव्हते. आमच्या रंगात एक खास गुण होता. उन्हातला जो भाग माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही, तो आम्ही शोषून घ्यायचो आणि नारिंगी उजेड करून परत द्यायचो. त्यामुळे ढगाळ दिवशी किंवा सूर्य बुडत असताना, बाकी सगळे रंग करडे होऊ लागले, की आम्ही उलट उठून दिसायचो. समुद्रात पडलेल्या माणसाला याचाच उपयोग असतो. लाटांत डोके नारळाएवढे दिसते, आणि नारळ तर पाण्यात कितीतरी तरंगत असतात.

तो तागा गाळ्यात आला, तेव्हा सरोजिनीबाई तिथे तपासणीचे काम पाहत होत्या. बारीक चणीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला, बोलणे हळू. त्यांनी नागमोडी धारेच्या कात्रीने ताग्याच्या टोकातून मला कापले, आणि मी पहिल्यांदा 'मी' झालो. उरलेला तागा कापणीच्या टेबलावर गेला. त्यात फोम भरला, पट्टे लागले, खांद्याला एक शिट्टी बांधली गेली, आणि माझी भावंडे टेम्पोत बसून अर्नाळ्याला, कळंबला, नायगावच्या खाडीवर निघून गेली. मी मात्र एका काळ्या पाकिटात, ड्रॉवरच्या तळाशी.

मला फार वाईट वाटायचे. समुद्रासाठी जन्म आणि समुद्र कधी पाहायचा नाही! पण एकदा शिवणकामाला आलेल्या नव्या मुलीने विचारले, "बाई, एवढा चांगला तुकडा नुसता का ठेवलाय?" तेव्हा सरोजिनीबाई म्हणाल्या, "हा इथे राहतो, म्हणून बाकीचे बरोबर निघतात." त्या दिवसापासून माझी तक्रार संपली.

त्यांनीच ती पद्धत सुरू केली. गाळ्यात तिला 'हात लावणे' म्हणतात. तागा माझ्याशेजारी धरायचा. मग तपासणी, खरेदी, कापणी, विक्री आणि उत्पादन अशी पाच कामांची पाच माणसे भोवती उभी राहणार. प्रत्येकाने बघायचे, आणि पटले तर माझ्या कोपऱ्यावर बोट टेकवून 'मॅच' म्हणायचे. पाच हात लागले, की तागा पास. "आणि नाही लागला तर?" असे कोणीतरी विचारले होते. सरोजिनीबाईंनी उत्तर दिले, "तर थांबायचं. त्यासाठीच पाच जण. नाहीतर मी एकटीनेच बघितलं असतं की."

एकदा खरेच तसे झाले. तेव्हा कापणीवर जवळच्या पापडी गावची प्रिस्का होती. चौघांचे हात लागले, आणि प्रिस्काने हात मागे घेतला. "बाई, मना काय बरोबर वाटत नाय हा."

सगळे ताटकळले. सरोजिनीबाईंनी मला आणि ताग्याला दोघांना उचलून बाहेर उन्हात नेले, सावलीत नेले, पुन्हा आत आणले. शेवटी कळले, की त्या दिवशी बदललेल्या नव्या ट्यूबलाइटचा प्रकाश निळसर होता. तागा अगदी बरोबर होता. चूक प्रिस्काची होती.

ती ओशाळून म्हणाली, "सगळ्यांचा टाइम घालवला मी."

"मुळीच नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आता मलाही खात्री झाली. मघाशी नुसतं वाटत होतं." आणि त्यांनी आधी प्रिस्काच्या हातात चहाचा ग्लास दिला.

मित्रांनो, त्या चहाच्या ग्लासाचे मोल मला फार उशिरा कळले. चुकलेल्या 'नाही'लाही जिथे चहा मिळतो, तिथेच कधीतरी बरोबर 'नाही' बोलला जातो.

पुढे सरोजिनीबाई निवृत्त झाल्या आणि मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. प्रिस्कानेही गुडघ्यांमुळे काम सोडले. नवी, तरुण माणसे आली. त्यांत उत्पादन बघणारा हर्षवर्धन सगळ्यांत मोठा, तरी तिशीतलाच. हुशार, हसरा, कोणाला डबा नसेल तर आपला अर्धा देणारा. त्याने पहिल्याच आठवड्यात ड्रॉवर उघडला आणि म्हणाला, "दरवेळी पाकीट काढा, पाकीट ठेवा. कशाला? समोर टांगू ना."

अशा रीतीने मी खिडकीत आलो. आधी मला आनंदच झाला. खिडकीतून रस्ता दिसायचा, ट्रक दिसायचे, आणि दूर तुंगारेश्वरचा डोंगर नाही, तरी त्याच्यावरून आलेले ढग दिसायचे. दुपारनंतर ऊन थेट माझ्यावर येऊन बसे. ड्रॉवरमधल्या अंधारानंतर ती ऊब मला सणासारखी वाटे.

पण ऊन माझ्याकडून काहीतरी घेऊन जात होते. रोज घेत होते, पण इतके थोडे, की कालच्या मला आणि आजच्या मला शेजारी ठेवले असते, तरी फरक कळला नसता. आपण रोज बघतो त्या गोष्टीचा रंग उडताना दिसत नाही. भिंतीवरचे कॅलेंडर काढल्यावर मागे जो गडद चौकोन उरतो, तो बघून आपण दचकतो ना, तसा माझाही एक गडद चौकोन होता. क्लिपच्या खाली. तिथे ऊन पोहोचत नव्हते. पण क्लिप कोणी काढतच नव्हते. मला मुठीत धरून, क्लिपसकट, ताग्यावर ठेवायचे आणि पुन्हा खिळ्याला अडकवायचे.

हात लावण्याची पद्धत मात्र चालू होती. उलट तिला आता रंग चढला होता. फोनवर पाच जणांचा ग्रुप होता, त्याचे नावच 'हात लावा'. खरेदी बघणारा सिद्धेश त्यात दर लॉटनंतर नाचणाऱ्या हत्तीचे चित्र टाकायचा. आणि कोणी तरी एकदा गमतीत सुरू केलेली प्रथा पक्की झाली होती. पाचवा हात लागला, की कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम समोसे. मोठ्या माणसापासून सुरुवात करायची आणि सगळ्यांत नव्या माणसाने शेवटचा हात लावायचा. म्हणजे सगळ्यांत नवा माणूस बोट उचलतो, तेव्हा चार जण त्याच्याकडे बघत असतात आणि चौघांना भूक लागलेली असते.

पाहुणे आले, की हर्षवर्धन अभिमानाने सांगायचा, "आमच्या टीममध्ये इतकी वर्षं एकदाही मतभेद झाला नाही." पाहुणे वा म्हणायचे. ज्या पद्धतीचा जन्म 'थांबा' म्हणण्यासाठी झाला होता, तिचे कौतुक आता कोणी थांबवत नाही म्हणून होत होते.

निधी आली, तेव्हा हा सगळा खेळ चांगला मुरलेला होता. निधी जवळच्या उमेळे गावची. शेतकरी घरातली, घरासमोरची चिकूची झाडे तोडून आता इमारत उभी राहिलेली. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली ही मुलगी तपासणीच्या कामाला सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. काम पसंत पडले, तर कायम. बोलायला कमी. पहिल्याच दिवशी तिने मला हातात घेऊन पाठपोट पाहिले, तेव्हाच मला सरोजिनीबाईंची आठवण झाली. तिचे बोट पूर्ण टेकायचे.

मग सिद्धेशने नवा कापडवाला शोधला. भाव कमी, माल वेळेवर. जुन्या कापडवाल्याचा माल नेहमीचाच, म्हणून तो माझ्याशी नीट ताडून कोणी बघत नव्हते. आलेल्या पहिल्या ताग्याची कड माझ्याशेजारी धरली गेली, आणि ती माझ्यासारखीच होती. पिकून उतरणीला लागलेल्या संत्र्यासारखी. उडालेल्या मला फिकट कापड तंतोतंत जुळले.

तेवढ्यात क्लिप निसटून खाली पडली. निधीने मला उचलले, आणि तिला ती पट्टी दिसली. बोटभर रुंद, गडद, जळत्या निखाऱ्यासारखी. ती पट्टी म्हणजे पूर्वीचा मी. तिने पट्टी पाहिली, मग बाकीचा मी, मग तागा.

"काय झालं?" हर्षवर्धनने विचारले. त्याचा हात लावून झाला होता. सिद्धेशचा, विक्री बघणाऱ्या अनुष्काचा, कापणीवरच्या धनेशचाही.

"सर, ही पट्टी... इथे रंग वेगळा आहे."

"क्लिपचा डाग असेल गं," सिद्धेश म्हणाला. "लोखंड आहे, गंज लागतो."

"गंज नारिंगी चमकत नाही."

"बघा, मॅडम सायंटिस्ट! आता समोशाचीपण टेस्ट करणार. तेल किती, बटाटा किती."

सगळे हसले. निधीही हसली. हसल्यावर गंभीर बोलणे किती अवघड होते, हे तेव्हा मला तिच्या हातातून कळले. तिने मला परत ताग्यावर ठेवले.

हर्षवर्धन समजावत म्हणाला, "निधी, मास्टर म्हणजे मास्टर. त्याच्याशी जुळलं ना? मग झालं. आणि हा तर रिसॉर्टच्या स्विमिंग पूलचा लॉट आहे, छोटासा."

अनुष्काने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चल ना यार, भूक लागलीय. तुझ्यावरच अडलंय सगळं."

निधीचे बोट माझ्या कोपऱ्यावर आले. नखाच्या कडेने टेकले. "मॅच," ती म्हणाली, आणि तो शब्द मला कापडावर पडलेल्या पाण्याच्या थेंबासारखा वाटला. पडला, पण आत गेला नाही. ग्रुपवर हत्ती नाचला.

मित्रांनो, आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी त्या पाच जणांपैकी कोणालाच माहीत नव्हती. त्या दिवशी नखाच्या कडेने टेकलेले बोट एकटे निधीचे नव्हते. धनेशचेही तसेच टेकले होते. तो रोज नारिंगी कापडच कापतो. त्याच्या डोळ्यांना काहीतरी खटकले होते, पण त्याच्या आधी तिघांनी 'मॅच' म्हटले होते. अनुष्काचे बोट तर टेकलेच नव्हते, केवळ माझ्यावरून फिरले होते. ती कापडाकडे बघतच नव्हती, हर्षवर्धनच्या चेहऱ्याकडे बघत होती. प्रत्येकाला वाटत होते, की बाकीच्या चौघांना खात्री आहे. खात्री कोणाकडे होती, ते मी शोधत होतो. मला फक्त हर्षवर्धनचे बोट ठाम लागले, आणि तो तर माझ्यावर विसंबून होता!

यानंतर काही आठवड्यांनी निधीचे मामा आले. जयराममामा कळंबचे, छोट्या बोटीवर जाणारे. वसईला कामाला आले होते, म्हणून भाचीला भेटायला वाकडी वाट करून आले. हातात सुकटीची पिशवी. जेवणाची सुट्टी होती. पिशवी टेबलावर ठेवताच वास गाळाभर पसरला.

"मामा, ही कुठली अगरबत्ती?" सिद्धेशने नाक धरून विचारले.

"अगरबत्तीच ती," मामा म्हणाले. "हिच्या वासाने देव नाय येत, पन जावई बरोबर येतो. बघ बाबा, तुझा विचार असंल तर."

निधी लाजून लाल झाली, आणि सिद्धेशचे नाक आपोआप मोकळे झाले. सगळे खूप हसले. अनुष्काने मामांना खुर्ची दिली. "मामा, तुम्ही आमचीच जॅकेट वापरता ना?"

"तर! त्याच्यानेच तर बसलोय हितं." मामांनी पाय वर घेऊन मांडी घातली. "चारेक वर्सामागं, सांजच्याला, बोटीवरून पान्यात गेलो. दोरीत पाय अडकला नि गेलो. आमची बोट फुडं. मी वरडतोय, पन इंजिनाचा आवाज. मागून दुसरी बोट येत होती. त्यांना काय मी दिसलो नाय. आजपन सांगतात, जयराम नाय दिसला, नारिंगी दिसलं. उजेड पेटल्यासारखं, म्हनतात. म्हनून वळले."

ते जॅकेट मला ठाऊक होते. म्हणजे त्याचा तागा ठाऊक होता. मी ड्रॉवरमधून ताजातवाना बाहेर यायचो तेव्हाचा, सरोजिनीबाईंच्या हातचा. मी समुद्र पाहिला नाही, पण त्या संध्याकाळी समुद्राने मला पाहिले होते. त्या आनंदात मी खिळ्यावर थोडा हललो. कोणाला वाटले असेल, वारा आला.

"आता ते उसवलं," मामा म्हणाले. "आमची मच्छीमारांची संस्था सगळ्या बोटींना नवी देनारे. तुमचीच, म्हनतात. बरं झालं, घरचीच आली. चांगली हायेत ना गं निधी?"

निधी उठली. ऑफिसात 'पाणी' म्हणणारी ती मुलगी मामांना म्हणाली, "मामा, पानी आनते," आणि उत्तर न देताच आत गेली.

संस्थेची ती ऑर्डर अनुष्काने मिळवलेली होती. तिच्या नोकरीतली पहिली मोठी ऑर्डर. आणि कापड येणार होते ते सिद्धेशच्याच नव्या कापडवाल्याकडून.

त्या दिवसापासून निधी दुपारी डबा खाऊन खिडकीशी येऊ लागली. क्लिप काढायची, पट्टी बघायची, क्लिप लावायची. आणि हळू आवाजात वाक्ये जुळवून बघायची. पहिले वाक्य होते, "सर, मास्टरचा रंग उडालाय." दुसऱ्या दिवशी ते झाले, "सर, मला वाटतं मास्टरचा रंग थोडा उडाला असावा." नंतर, "सर, माझं कदाचित चुकत असेल, पण वेळ मिळाला तर आपण मास्टर एकदा बघूया का?" वाक्य रोज लांब होत होते आणि त्यातला अर्थ रोज कमी होत होता. माझ्या रंगासारखाच.

अनुष्काने तिला एकदा तिथेच गाठले. अनुष्का वाईट नव्हती. निधीला स्टेशनवरून स्कूटरवर आणणारी, तिच्या वाढदिवसाला केक आणणारी तीच.

"तू परत त्या पट्टीच्या मागे लागलीयस ना?"

"अनु, तू नीट बघितलंस का कधी?"

"मी बघून काय करू? मला रंगातलं काय कळतं? सगळे म्हणतात मॅच, म्हणजे मॅच." मग तिने आवाज खाली आणला. "हे बघ, मैत्रीण म्हणून सांगते. तुझे सहा महिने संपत आलेत. हर्षसरांना कटकट आवडत नाही. तू नाही म्हणालीस, तर सिद्धेशला वाटेल त्याच्याकडे बोट दाखवलंस. माझी ऑर्डर लटकेल. आणि समज, तूच चुकीची निघालीस तर? काय राहील तुझं?"

निधीने विचारले, "आणि बरोबर निघाले तर?"

अनुष्का म्हणाली, "लोड नको घेऊस गं. एक बोट तर लावायचंय."

एक बोट! मित्रांनो, मला बोलता आले असते, तर मी तेव्हा ओरडलो असतो. पण कापडाला तोंड नसते. मी फक्त लटकत राहिलो, आणि पश्चिमेचे ऊन माझ्यातून आणखी थोडे घेऊन गेले.

आणि आज संस्थेच्या ऑर्डरचा तागा आला आहे. एक नाही, तागेच तागे, दारापासून कापणीच्या टेबलापर्यंत रचलेले. टेम्पोवाला पावतीसाठी घाई करतो आहे. धनेशने सुरीला धार लावून ठेवली आहे. कापड एकदा कापले, की परत जात नाही. पाच जण खिडकीशी उभे राहिले. हर्षवर्धनने मला खिळ्यावरून काढले, ताग्यावर ठेवले, डोळे बारीक करून पाहिले आणि बोट टेकवले. ठाम. "मॅच."

"मॅच," सिद्धेश म्हणाला, आणि दुसऱ्या हाताने समोसेवाल्याला फोन लावला. "हां भैया, पाच प्लेट. चटणी जादा."

"मॅच." अनुष्का. तिचे बोट माझ्यावरून वाऱ्यासारखे गेले.

धनेश थोडा थांबला. नेहमीपेक्षा जास्त थांबला. त्याने निधीकडे पाहिले, निधीने त्याच्याकडे. मला वाटले, आता. पण हर्षवर्धन म्हणाला, "धनू?" आणि धनेशचे बोट नखाच्या कडेने टेकले. "मॅच, सर."

चार हात झाले.

निधीचे बोट वर आले आहे. माझ्यापासून इतके जवळ, की त्याची ऊब मला लागते आहे. पण टेकत नाही. सिद्धेश म्हणाला, "मॅडम सायंटिस्ट, समोसे गार होतील." नेहमीसारखे हसू आले, पण या वेळी ते निधीच्या तोंडावर उमटले नाही.

मित्रांनो, ती बोलेपर्यंत मला तुमच्याकडे एक मागणे मागू द्या. तुमच्याही शाळेत, खेळात, पुढे कामाच्या जागी असाच एखादा मास्टर असेल. ज्याच्याशी सगळे जुळवून बघतात, पण ज्याला स्वतःला कोणी बघत नाही. त्याला जपा. उन्हात टांगू नका. अधूनमधून त्याची क्लिप काढून खाली बघत जा. मास्टरचा अपमान होईल, अशी भीती बाळगू नका. मला विचाराल, तर क्लिप कोणीतरी काढावी, याचीच मी इतकी वर्षे वाट बघत होतो. आणि तुमच्यातला जो शेवटी बोट उचलतो, त्याला घाई करू नका. तो चुकला तरी त्याला आधी चहा द्या.

मला हेही ठाऊक आहे, की निधी बोलली, तर माझे काम संपेल. उडालेल्या मास्टरला कोणी खिळ्यावर ठेवत नाही. चांगल्या कापडाचा नवा तुकडा कापला जाईल, काळ्या पाकिटात जाईल, आणि मी मशीन पुसायला. चालेल. मशीनचे तेल पुसायला रंग लागत नाही. कळंबच्या पाण्यात संध्याकाळी लागतो.

निधीने बोट मागे घेतले. मला उचलले. क्लिप काढली आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवली. मग तिने मला दोन्ही हातांत असे धरले, की ती गडद पट्टी चौघांच्या समोर आली, आणि पट्टीच्या शेजारी नव्या ताग्याची कड लावली. बाहेर ढग होते. त्या करड्या उजेडात पट्टी पेटल्यासारखी दिसत होती, आणि तिच्या शेजारी मी आणि तागा, दोघेही विझलेले.

धनेशच्या तोंडून हळूच निघाले, "अरे..."

लांबलेले वाक्य निधी पुन्हा लहान करत होती. एक एक शब्द गळताना मला कळत होता. 'कदाचित' गेला. 'मला वाटतं' गेले. 'माझं चुकत असेल' गेले.

"मास्टरचा रंग उडालाय, सर," ती म्हणाली. "माझा हात लागणार नाही. हे कापड कापायचं नाही."